जखमीचे शेत आधी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार, सकाळी सव्वासहा. न्हाणीच्या चुलीत लाकूड सारत होतो. खालच्या खाचरांकडून एक आवाज आला आणि मध्येच तुटला. माझी सारी नोकरी सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेली. बिबट्याने धरलेले वासरू कसे ओरडते, गव्याचे शिंग पोटात गेलेली म्हैस कशी ओरडते, हे मला ठाऊक आहे. हा आवाज त्यांपैकी नव्हता. पुन्हा आला तेव्हा त्यात शब्द होता. विठू आपल्या भावाला हाक मारत होता.

लाकूड तसेच टाकून मी निघालो.

यंदा पुन्हा सुगी आली आहे. पहाटेचे धुके खाचरांत साचलेल्या पाण्यासारखे उभे राहते. ऊन चढले की कापून टाकलेल्या भाताचा गोडसर, किंचित कुबट वास घराघरांत शिरतो. अंथरुणाला लागतो, पाण्याच्या कळशीला लागतो. पुस्तकांतली सुगी मी वाचलेली आहे. तिच्यात गाणी असतात. जोयड्याच्या या डोंगरात सुगी म्हणजे लढाई. वर्षभर अरण्य आणि वाडी एकमेकांना सांभाळून असतात. या महिन्यात दोघांनाही एकाच ताटात जेवायचे असते. डुकरे येतात, गवे येतात, बांधावरची वारुळे उकरायला अस्वले येतात. माणसे खाचरातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबे बडवतात, सुतळी बॉम्ब टाकतात, घसा फुटेपर्यंत ओरडतात. सकाळी खाचरात पाहावे तर कुठे लोळवलेले पीक, कुठे पोट फाटलेला कुत्रा. दुपारी त्याच चिखलात बायका विळे घेऊन उतरतात.

या वासाने मला आता केवळ भात आठवत नाही. रक्ताचा वासही येतो, आणि त्यामागोमाग एका संगणकाच्या पंख्याची बारीक घरघर ऐकू येते. या तीन गोष्टी एकत्र कशा आल्या, ते लिहितो.

गेल्या सुगीत माझ्या पडवीत दोन संशोधक राहायला होते. मृणाल बेळगावची, किरण धारवाडचा. दोघांनीही नुकतीच पीएच.डी. पुरी केली होती. विषय आरोग्याचे अर्थशास्त्र. रानटी जनावराने माणूस फाडला तर त्या घराला त्याची काय किंमत पडते, हे त्यांना मोजायचे होते. त्यामागे कारण होते. एका संस्थेने दोन सुग्यांपुरती एक रुग्णवाहिका अणशीच्या रस्त्यावर, आमच्या तिठ्याला उभी केली होती. ती पुढे ठेवायची की हलवायची, हे या दोघांच्या अहवालावर ठरणार होते. हल्ल्याने घरे मोडत असतील तर गाडी राहणार. घरे आपली आपण सावरत असतील तर ती दुसरीकडे जाणार. हिशेब कठोर होता, पण लपवलेला नव्हता. संस्थेकडे गाडी एकच होती.

मी त्यांना घरोघर घेऊन गेलो. ज्या घरांची गुरे मी शिवली, त्या घरांत मला दार उघडते. एकेका वाडीत फिरून त्यांनी दोन प्रकारची घरे निवडली. काहींत माणसाला इजा झालेली, काहींत न झालेली. दोन्हींची तुलना करायची, म्हणजे इजेची किंमत कळते. पद्धत मला पटली. औषध दिलेली गुरे आणि न दिलेली गुरे, असेच आम्हीही पाहत असू.

काम मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्ता करी. माणूस बोलायचा, किरणच्या गळ्यातला फोन ते टिपायचा. आठवड्याच्या बाजाराला दोघे रामनगरला जात. तिथे रेंज मिळे. यंत्र ते सारे बोलणे ऐकून लिहून काढी, इंग्रजीत करी, उत्तरे खणांत लावी, गणित मांडी, वर अहवालाचा मसुदाही करून देई. जे काम करायला पूर्वी एक माणूस पावसाळाभर बसला असता, ते चहा संपेपर्यंत होई. मला त्याचा राग नव्हता. चांगले अवजार म्हणजे चांगले अवजार.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच आठवड्यात पाहिली. एखाद्या बाईला विचारले की नवऱ्याला गव्याने पाडले तेव्हा तुमच्या मनाला काय झाले, तर ती चुलीतली राख सारखी करीत बसे. आम्ही तिघे ती शांतता ऐकत असू. यंत्राला ती ऐकू येत नसे. त्याला तो रिकामा खण वाटे, आणि शेजारपाजारच्या उत्तरांवरून ते तो भरून टाकी. मृणालने हे पकडले आणि भरलेले खण पुन्हा मोकळे केले. पोरगी कामाला चोख होती.

वाडीने त्या फोनला डबा असे नाव ठेवले. गंगाक्का तर किरण दिसला की थांबायचीच. गंगाक्का विधवा, एकटी कसते, जीभ विळ्याहून धारदार.

“किरणराव, तुझ्या डब्याला इचार की, माझी तांबडी कोंबडी कुणी न्हेली?”

“अक्का, त्याला फक्त दवाखान्याचा खर्च विचारायचा. कोंबडी नाही.” किरणचे मराठी धारवाडच्या वळणाचे, जपून पाऊल टाकणारे.

“कोंबडी म्हंजे खर्च न्हवं व्हय रं? का तुमच्या साळंत फुकट मिळत्यात?”

“हौद्री अक्का, होय, तेपण लिहितो.”

“लिव. आन चोराचं नाव बी लिव. डब्याला ठावं असंल तर.”

तिचे घर ‘इजा नाही’ या रकान्यात होते. तिच्या घरात कोणाला जनावराने शिवलेले नव्हते.

दहा तारखेच्या संध्याकाळी पडवीत लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, आणि मृणालने मसुदा मला मराठीत करून सांगितला. दुसऱ्या दिवशी तो पाठवायचा होता. सकाळच्या बसने तालुक्याला जाऊन किरण तो पाठवणार होता. मुदत त्याच दिवशी संपत होती. मसुद्याचे सार असे होते की जखमी माणसाच्या घराचे शेतीकाम एक दिवसही थांबत नाही. इतकेच नव्हे, इजा न झालेल्या घरांच्या तुलनेत जखमीच्या घरचे भात लवकर घरी येते, आणि त्या भाताचे नुकसान कमी होते. औषधपाण्याचा खर्च सोडला, तर ही घरे लवकर सावरतात. तेव्हा रुग्णवाहिकेची गरज मर्यादित आहे.

भाषा गुळगुळीत होती. कुठे अडखळायला जागा नव्हती.

“काका, तुम्हाला पटतं?” तिने विचारले.

“आकडे तुमचे आहेत.”

“आकडे मलाही पटतात. गोष्ट पटत नाही. माणूस फाटला आणि घर पुढे गेलं?”

“सर, तीन वेळा चालवलंय,” किरण म्हणाला. “प्रत्येक वेळी तेच येतंय. मशीन चुकत नाही हो. चुकलो तर आपण.”

तिने लॅपटॉप मिटला. जेवणे झाली, सगळे झोपलो.

आणि सकाळी विठू ओरडला.

तो माळ्यावरची राखण संपवून घरी निघाला होता. बांधाच्या वळणावर वारूळ होते. वारुळात तोंड घालून अस्वलीण, तिच्या पाठीवर पिल्लू. तिला आणि विठूला एकमेकांची चाहूल लागली नाही. वाघ माणसाला टाळून जातो. अस्वल घाबरले की पळत नाही, उभे राहते. आणि ते तोंडावर येते.

मी पोहोचलो तेव्हा ती त्याच्यावरच होती. तिचा आवाज खोल विहिरीत दगड पडत राहावेत तसा. विठूचा भाऊ दुलबा कुऱ्हाडीच्या दांड्याने तिच्या मागल्या पुठ्ठ्यावर मारत होता. लाकूड केसांवर आदळत होते, धूळ उडत होती, तिला काही होत नव्हते. चौथा-पाचवा माणूस धावत आला, कोणी पेटती चूड फेकली, तेव्हा ती उठली. विठूचा कुत्रा मध्ये पडला. तिने त्याला एकदाच हाणले. कुत्रा बांधाच्या पलीकडे दोन तुकड्यांसारखा पडला. पाठीला घट्ट चिकटलेल्या पिल्लासकट ती करवंदीच्या जाळीत गेली.

विठूच्या डोक्याची कातडी कपाळापासून सुटून मागे लोंबत होती. डावा डोळा नव्हता. गाल उघडा होता, आतली दाढ दिसत होती. तो शुद्धीवर होता. हेच वाईट असते.

किरण माझ्या मागेच आला होता. पाठीवर लॅपटॉपची बॅग, कारण तो बसला निघालाच होता. गळ्यात फोन. सवयीने त्याचा हात फोनकडे गेला की नाही, मी पाहिले नाही. दुलबाने पाहिले. त्याने दोरीसकट फोन ओढला, बांधावरच्या दगडावर ठेवला आणि कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्यावर घातला. एकदा, दोनदा, काचेचा चुरा होईपर्यंत.

“लिव आता! ह्ये बी लिव की! किती रुपय झालं, सांग!”

मग त्याने किरणच्या कानाखाली मारली. किरण पडला. उठला. अंगातला सदरा काढून त्याने माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. माझ्या सुया गुरांच्या कातडीच्या. त्या मी काढल्या नाहीत. मृणालने उकळलेले पाणी आणले, त्या पाण्याने मी माती धुतली, कातडी जागेवर आणून बसवली आणि सदऱ्याच्या पट्ट्यांनी घट्ट बांधली. दुलबा माझ्या डोक्यावर उभा राहून रडत शिव्या देत होता. अस्वलाला, जंगलाला, मला. नंतर तो आणि आणखी तिघे कुऱ्हाडी घेऊन जाळीकडे निघाले.

“दुलबा,” मी म्हणालो, “मेली तर तू तुरुंगात. न मेली तर तू ह्याच्या शेजारी. कोणतं?”

“तुमाला काय जातंय बोलायला!”

“भाऊ गाडीत घालायला हात लागतील. कोणाचे लावू?”

तो थांबला. कुऱ्हाड त्याने जमिनीत अशी मारली की दांडा थरथरत राहिला. मोटरसायकलवरून एकजण तिठ्याला गेला होता. गाडी आली. विठूला आडवे घातले. डोके सारखे दाबून धरायला माणूस हवा होता. किरण आत चढला, बॅग पाठीवर तशीच. दुलबा त्याच्या समोर बसला. दार लागताना मी पाहिले, ज्याला मारले होते त्याच्याच गुडघ्यावर दुलबाने हात ठेवला होता.

ती गाडी नसती, तर विठू तिठ्यापर्यंतही पोहोचला नसता. हे मी भावनेने लिहीत नाही. रक्त किती गेले ते माझ्या हातांना माहीत होते.

माणसाच्या शरीरावर हिंसा होते तेव्हा भोवतीची सृष्टी थांबत नाही. हे मी पूर्वी गोठ्यांत पाहिले आहे. शेजारच्या दावणीला म्हैस पाय झाडत मरत असते आणि दुसरी रवंथ करते. त्या सकाळी पोपटांची धाड भातावर उतरली, लोंब्या तोडून उडून गेली. दव वाळले. विठूचे रक्त बांधावरच्या मातीत मुरून काळे झाले. माशा आल्या. मी कुत्र्याला पुरले. खड्डा खणताना वारुळातल्या उघड्या पडलेल्या वाळव्या पुन्हा माती बांधू लागलेल्या दिसल्या.

मी हात धुऊन वर पाहिले तर वाडीतली सगळी माणसे विळे घेऊन विठूच्या खाचरात उतरत होती. काहींच्या कपड्यांवर त्याचेच रक्त. कोणी कोणाला बोलावले नव्हते. पहिल्या ओळीत गंगाक्का होती, आणि तिच्या हातात विठूचा विळा होता.

मृणाल बांधावर उभी होती. ती गोंधळली. आमच्याकडे कापणी पैऱ्याने चालते, हे तिला माहीत होते. आज सगळे हात एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. कोणाचे भात आधी पिकले त्यावरून पाळी लागते. त्या सोमवारची पाळी विठूची नव्हती.

“गंगाक्का,” तिने हाक मारली, “आज तुमची पाळी होती ना?”

“व्हती.”

“मग?”

“मग काय? ज्याला लागलं त्येचं आदी.” गंगाक्काने मान वर केली नाही. विळा चालूच होता. “त्येच्या घरात आज कोण कापनार? अस्वल?”

“पण तुमचं भात पिकून वाकलंय. दाणे गळायला लागलेत.”

“गळंल.”

“रात्री डुकरं आली तर?”

“येतीलच की. मी काय त्यास्नी पाळी लावून दिलीया?” एकदोघी हसल्या. भेदरलेल्या माणसांचे हसू, पण हसू. “औंदाचं न्हवं ह्ये, पोरी. सोम्याला गव्यानं पाडलं तवा बी माझंच ऱ्हायलं व्हतं. मळ्यातलं अर्दं खाचर डुकरांनी झोपवलं. त्येच्या आदी रखमाचं.”

“हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाही.”

आता गंगाक्का उभी राहिली. कमरेवर हात, विळ्याचे टोक बाहेर.

“तू इचारलंस का? तू इचारलंस, घरात कुनाला लागलं का? मी म्हनलं न्हाई. इचारलंस, भाताची नासाडी झाली का? मी म्हनलं झाली. खोटं काय बोलले?”

मृणाल बांधावर बसली. बराच वेळ ती कापणाऱ्या ओळीकडे पाहत राहिली. विठूचे खाचर पटापट मोकळे होत होते. त्याला लागून वरच्या बाजूला गंगाक्काचे खाचर, पिकून लाल झालेले, तसेच उभे.

“काका,” ती म्हणाली, “आम्ही इजा झालेल्या घरांची तुलना कोणाशी केली माहीत आहे? ह्यांच्याशी. विठूच्या जखमेची किंमत गंगाक्कांच्या घरात आहे. आणि गंगाक्कांचं घर आमच्याकडे ‘इजा नाही’मध्ये आहे.”

मी त्या ओळीकडे पाहिले. ही रीत मी आयुष्यभर पाहत आलो. तिला मी माणुसकी म्हणत होतो. खर्च असे नाव तिला कधी दिले नव्हते.

चूक यंत्राची नव्हती. त्याला सांगितले होते की घर म्हणजे चार भिंती. आतले ते आत, बाहेरचे ते बाहेर. त्याने तसेच मोजले आणि अचूक मोजले. जखमी घर पुढे गेलेले दिसले, कारण बाकीच्या घरांनी स्वतःला मागे ठेवले होते. बेळगावला, धारवाडला हा हिशेब कदाचित बरोबर ठरला असता. इथे भिंती मातीच्या असतात आणि सुगीत त्या नसतातच.

मग तिला आठवले, आणि ती ताडकन उठली. “किरणकडे बॅग आहे. तालुक्याला पोहोचला की तो पाठवणार. आज शेवटचा दिवस.”

किरण दिलेली वेळ पाळणारा. वाडीत रेंज नाही. त्याचा फोन तर दगडावर चुरा होऊन पडला होता.

मी मोपेड काढली. ती मागे बसली. अणशीच्या रस्त्याने तिठ्यापर्यंत, तिथून वरच्या वळणावर. तिथे मैलाच्या दगडाजवळ उभे राहिले की रेंज लागते, एक पाऊल खाली आले की जाते. रस्त्यावर विठूच्या रक्ताचे थेंब काही अंतरापर्यंत दिसत होते, मग थांबले. किरणने डोके नीट दाबून धरले होते, असा मी त्याचा अर्थ घेतला.

गाडीच्या चालकाचा नंबर लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा लावत होती. दगडावर चढून, हात उंच करून. खाली दरीत गव्यांचा कळप उतरत होता, काळा, सावकाश, आमच्या वाडीच्या दिशेने. मी तिला ते सांगितले नाही.

अखेर लागला. चालकाने फोन किरणला दिला. मृणालने आवाज मोठा ठेवला.

“विठूअण्णा?” तिने आधी हेच विचारले. ते मी लक्षात ठेवले आहे.

“आत घेतलंय. इथून पुढे मोठ्या दवाखान्यात नेणार. श्वास चालू आहे. दुलबा आहे माझ्यासोबत.”

“किरण, अहवाल?”

“पाठवला नाही. मुदत गेली तर जाऊ दे.” त्याचा आवाज सपाट होता. “हात रक्ताचे आहेत. धुतले, जात नाही. बॅग उघडलीच नाही मी.”

ती दगडावरून खाली बसली. रेंज गेली. पुन्हा चढली.

“उघडू नकोस. आपली ‘इजा नाही’ची घरं चुकली आहेत. शेजारी स्वतःचं सोडून जखमीचं कापतात. नुकसान त्यांच्याकडे जातं. घरं वेगळी नाहीत, किरण. वाडी एकच आहे.”

तो म्हणाला, “म्हणजे मशीन बरोबरच सांगत होतं की. आपणच त्याला अर्धं विचारलं.”

संस्थेने मुदत वाढवून दिली. दोघे पुन्हा प्रत्येक घरी गेले आणि नवा प्रश्न विचारला: कोणाला लागले तेव्हा कोणाची पाळी मागे गेली, आणि मागे गेलेल्या भाताचे काय झाले? माणसे तासन्‌तास बोलली. हे कोणी कधी विचारलेच नव्हते. त्या गुंत्यातून कोणत्या जखमेचा भार कोणत्या खाचरावर पडला, हे जुळवायला आम्हा तिघांना वर्ष पुरले नसते. यंत्राने ते रामनगरात, बाजाराचा गोंगाट चालू असताना, जुळवून दिले. मृणालने प्रत्येक जोड पुन्हा हाताने तपासली. नव्या अहवालाची भाषा गुळगुळीत नव्हती. एक माणूस फाटतो तेव्हा वाडीतली कितीतरी घरे कशी फाटतात, ते त्यात होते. ती घरे आपण फाटलो असे म्हणत नाहीत, हेही होते.

यंदा गाडी तिठ्याला उभी आहे. एका सुगीपुरती. पुढच्या सुगीचे पुढे.

विठू जगला. एक डोळा, अर्धा चेहरा, बोलताना लाळ गळते ती तो खांद्यावरच्या पंच्याने पुसतो. खळ्यावर मळणी चालू असताना तो पेंढ्या पुढे सारतो. नव्या माणसाची नजर त्याच्यावर पडून घाईने हलते, ते त्याला कळते. परवा मला म्हणाला, “डाक्टर, अर्द्या तोंडानं बी शिवी पुरी देता येतीया. बगा, देऊ का?” मी म्हणालो, दे. त्याने दिली. पुरी होती.

माळ्यावर मात्र तो चढत नाही. अंधार पडला की घरात बसतो. ही किंमत कोणत्या खणात लिहायची, मृणालला अजून सापडलेले नाही. ती शोधते आहे. फोनवर विचारते.

गंगाक्काने काल मला रस्त्यात अडवले.

“डाक्टर, औंदा कुनाला काय झालं न्हाई अजून. माझ्या पाळीला तुमी नगा येऊ. गेल्या साली कापलेलं धसकट कसं ठेवलंत, अजून माझ्या पायाला टोचतंय.”

“बरं,” मी म्हणालो.

“आन त्या पोरीला सांगा, तिनं बांधल्याली पेंढी खळ्यावर न्हेस्तवर सुटली. पर दानं गावलं. ह्ये बी सांगा.”

आता तो दिवस पुरा करतो.

वळणावरून परतलो तेव्हा ऊन कलले होते. विठूचे खाचर पुरे होत आले होते, पेंढ्या बांधून रचलेल्या. माणसे त्याच्या वरच्या तुकड्याकडे वळली. उद्याही सगळे हात तिथेच लागणार होते. गंगाक्काचे जंगलाकडचे दुसरे खाचर गवे तुडवून गेले होते. भात चिखलात बसले होते, त्यात खुरांचे खोल खड्डे. विठूच्या खाचराला लागून असलेले उभे होते. आणखी एक रात्र ते टिकेल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. टिकले, तर उद्या तिथे उतरायला पैऱ्यातला एकही हात मोकळा नव्हता.

पैऱ्याबाहेर मोकळे हात होते. नोकरीत गेलो तेव्हापासून माझे हात पैऱ्यात धरत नाहीत. माझे खाचर मी वाट्याने दिले आहे. जखमीचे शेत आधी, हा नियम मला लागू नाही. मृणाललाही नाही. ती ओट्यावर बसून होती. तिच्या मांडीवर कागद नव्हता, यंत्र नव्हते. दोन्ही हात उलटे करून ती नुसती पाहत होती.

“काका, विळा धरायला किती कठीण असतं?”

“बोटं कापतात,” मी म्हणालो. “पहिल्या दिवशी.”

ती आत गेली आणि डोक्याला बांधायचा जुना रुमाल फाडून बोटांना बांधायला त्याच्या पट्ट्या करू लागली.

आढ्याला विळे दोन होते. एक माझ्या वडिलांचा, एक माझ्या पत्नीचा. दुसऱ्याची मूठ लहान. पत्नी गेल्यापासून तो खाली काढला नव्हता. मी दोन्ही काढले, गंज दगडावर घासला, पाणी शिंपडून दोन्हींना धार लावली. लहान मुठीवर चुलीची थोडी काजळी बसली होती, ती पुसली. मग दोन्ही विळे दाराशी, पाती भिंतीकडे करून ठेवले, आणि न्हाणीच्या चुलीत अजून धुमसणारे सकाळचे अर्धे जळलेले लाकूड बाहेर काढून विझवले.